दोन विहिणी, दोन वटवटे

नागपूरला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. वाघ दिसला का, आणि संत्री आणली का. वाघ पाहायला मी गेलेच नव्हते आणि संत्र्यांची पिशवी मी गाडीतच निम्मी संपवली. मी गेले होते ते चिमणीपेक्षाही लहान, मातकट रंगाचा, रस्त्यातून जाणारा कुणीही मान वळवून पाहणार नाही असा एक पक्षी पाहायला. त्याचं नाव धानवटवट्या. तो दिसला की नाही हे सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे, तेव्हा घाई करू नका.

आधी ओळख करून देते. हिवाळा लागला की थंड देशांतून आपल्याकडे बरेच वटवटे उतरतात. सगळे तपकिरी, सगळे झुडपात लपणारे, आणि सगळे एकमेकांसारखे दिसणारे. त्यातला वेळूवटवट्या आमच्या सांगलीला मुबलक. माझ्या मागच्या अंगणातल्या जास्वंदीत बसून तो दिवसभर ‘चक्, चक्’ करतो. त्याच्या नावात वेळू आहे, पण त्याला कुठलंही झुडूप चालतं, झाडही चालतं. धानवटवट्या हा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. तो मात्र पाण्याकाठचं गवत, लव्हाळं आणि धानाची शेतं सोडून फारसा हलत नाही. दोघांना वेगळं ओळखायचं तर डोळ्यांवरची भुवई बघायची. धानाची भुवई पांढरी, ठसठशीत, डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली आणि तिच्यावर एक काळसर रेघ. वेळूची भुवई फिकट, चोच ते डोळा एवढीच. वेळूची चोच लांब, धानाची आखूड. वेळूचा रंग जरा हिरवट मातकट, धानाचा तांबूस. पुस्तकात हे सगळं फार सोपं वाटतं. झुडपात पक्षी अर्धा क्षण दिसतो, तेवढ्यात भुवई मोजायची कधी आणि चोच कधी?

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी या धानवटवट्याच्या मागे आहे. कृष्णाकाठचे ऊस पालथे घातले, एकदा पाटात पडले, एकदा कुत्री मागे लागली. पक्षी नाही म्हणजे नाही. आणि अशात मुलाचं, निखिलचं, लग्न ठरलं ते नागपूरच्या अश्विनीशी, आणि मुलीची आई मंदाताई निघाल्या पक्षिवेड्या! शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, दर रविवारी दुर्बीण गळ्यात घालून तळ्यांवर फिरणाऱ्या. लग्नाच्या बोलणीत आम्ही दोघी पक्ष्यांवर इतकं बोललो की पुरुषमंडळींना हॉलचं भाडं विचारायचं राहून गेलं. आपल्या माहेरच्या तळ्यावर धानवटवट्या येतो, असं त्या म्हणाल्या होत्या. मी त्याच दिवशी मनात तिकीट काढलं होतं. डिसेंबरात खरंखुरं काढलं आणि एकटीच निघाले.

प्रताप नगर

व्याह्यांचं घर प्रताप नगरात. शरदभाऊ, म्हणजे माझे व्याही, स्टेशनवर घ्यायला आले होते. घरात पाऊल टाकायच्या आधी मंदाताईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मी म्हटलं, अहो, मी काय नवरी आहे का? त्या हसल्या, पण पाणी घालायच्या थांबल्या नाहीत.

जेवायला गोळाभात होता. बेसनाचे मसालेदार गोळे भातातच शिजवलेले, आणि वाढल्यावर वरून हिंग-मोहरीची कडकडीत तेलाची फोडणी. आमच्याकडे भातावर तूप पडतं, इथं तेल पडतं, आणि पहिल्या घासाला मला आमच्या तुपाची थोडी लाजच वाटली. मी तीनदा भात घेतला. मंदाताई उभ्या राहून वाढत होत्या. बसा हो माझ्याबरोबर, असं मी कितीदा म्हटलं असेल. ‘तुमचं होऊ द्या’ एवढंच उत्तर. सांगलीतही पहिल्या भेटीत असं करतात, नाही असं नाही. पण माझ्या लेकाच्या लग्नाला आता वर्ष होत आलं होतं.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. लग्नाच्या बोलणीत माझ्याशी तावातावाने वाद घालणाऱ्या मंदाताई आता माझं प्रत्येक बोलणं मान्य करत होत्या. मी मुद्दाम म्हटलं की कापशी घारीचे डोळे तांबडे नसतात, पिवळे असतात. ही सरळसरळ चूक. मंदाताई पापडाचा तुकडा मोडत म्हणाल्या, असतीन. त्यांना पापडाच्या नादात ऐकू गेलं नसावं, अशी मी समजूत करून घेतली. माझं सगळं लक्ष दुसऱ्या दिवशीच्या तळ्यावर होतं.

तळ्यावर

मंदाताईंचं माहेर भंडाऱ्याच्या रस्त्यावर, आतल्या बाजूला. पहाटे निघालो. शरदभाऊंनी गाडी चालवली आणि तळ्याच्या पाळीवर सतरंजी टाकून ते थर्मासमधला चहा पीत बसले. पक्षी पाहणं त्यांना मान्य नाही. पक्ष्यांनी आपल्याला पाहावं, असं त्यांचं म्हणणं.

काय देखणा मुलूख आहे तो! आमच्याकडे नजर जाईल तिथं ऊस उभा असतो, त्यापलीकडे काही दिसत नाही. इथं धान कापून झालेलं, बांध्या, म्हणजे धानाची चौकोनी खाचरं, रिकामी, त्यांत लाखोळीच्या डाळीची कोवळी हिरवळ, मधेमधे धानाचे पुंजणे रचलेले, आणि या सगळ्याच्या मधोमध जुन्या मालगुजार जमीनदारांनी बांधलेलं ते तळं. पाण्यावर धुकं होतं. एका कडेला शिंगाड्याचे वेल पसरलेले, दुसऱ्या कडेला रामबाण गवताचं उंच दाट रान, आणि अलीकडे बेशरमीची झुडपं, जांभळ्या फुलांची. मला काय पाहू आणि काय नको असं झालं. जांभळी पाणकोंबडी दिसली, कमळपक्षी दिसला, खंड्या तर माझ्या डोक्यावरूनच गेला.

आणि मग बेशरमीत काहीतरी हललं.

मी दुर्बीण लावली. तपकिरी पाठ, पांढरट पोट. ऊन नुकतंच वर आलं होतं आणि त्या उन्हात पक्षी अगदी तांबूस दिसत होता. भुवई दिसली. मी श्वास रोखून चार-पाच फोटो काढले. पक्षी दोन फांद्या वर चढला, भुर्रकन उडून पाळीवरच्या कडुनिंबात गेला आणि दिसेनासा झाला.

“धानवटवट्या!” मी ओरडले. शरदभाऊंच्या हातातला चहा सांडला.

मंदाताई अजून कडुनिंबाकडे बघत होत्या. त्यांनी दुर्बीण सावकाश खाली घेतली. मी विचारलं, तोच ना? त्यांनी पदरानं दुर्बिणीची काच पुसली. मग म्हणाल्या, “तुम्ही पाहिला ना. मंग तोच असन.”

मला एवढंच पुरलं. मी आनंदाने अशी काही उडी मारली की पाळीवरून घसरत थेट चिखलात बसले. कॅमेरा वर धरला होता म्हणून तो वाचला, साडी वाचली नाही. शरदभाऊंनी हात देऊन बाहेर काढलं. मी चिखलानं माखलेली आणि खिदळत होते. माहेरच्या घरी मंदाताईंच्या वहिनीनं गरम पाणी दिलं, स्वतःची साडी नेसायला दिली, वर उकडलेले शिंगाडे खायला घातले. गोड, पिठूळ, कोमट. मी सोलून सोलून खात होते आणि जो भेटेल त्याला भुवई समजावून सांगत होते.

परतीच्या वाटेवर मीच मंदाताईंच्या मागे लागले, तुमच्या ग्रुपवर कळवा की. त्यांचा पक्षिमित्रांचा ग्रुप आहे. त्या ग्रुपवर कुणी काही पाहिलं असं टाकलं, की मंदाताई हो म्हणेपर्यंत ते खरं धरत नाहीत, हे मला अश्विनीनं कौतुकानं सांगितलेलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी लिहिलं की आज विहीणबाईंबरोबर धानवटवट्या पाहिला, आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

सीताबर्डी

संध्याकाळी मला साडी घ्यायची म्हणून त्या सीताबर्डीला घेऊन गेल्या. माझी एक साडी चिखलात गेली तर नवी घेतलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. गर्दीत मोबाइलची कव्हरं, स्वेटर, मोजे विकणारे रस्त्यावरच बसलेले, वरून मेट्रो जात होती, आणि मी मात्र अजून तळ्यावरच होते. दुकानदार साड्या पसरत होता तेव्हा मंदाताईंचा फोन सारखा वाजत होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. ग्रुपवर सगळे अभिनंदन करत होते. एकानं लिहिलं होतं, मंदा मॅडमनी पाहिला म्हणजे बघायलाच नको.

मला वाटलं, आपण फोटोही टाकावा. मी कॅमेरा काढला, फोटो मोठा केला, आणि मोठा करतच राहिले.

चोच लांब होती. चांगली लांब. आणि भुवई डोळ्यापाशी येऊन संपत होती. तांबूस रंग उन्हाचा होता, पक्ष्याचा नव्हता. माझ्या मागच्या अंगणात जास्वंदीत बसतो तोच हा वेळू, आणि मी त्याच्यासाठी नागपूरला येऊन चिखलात उडी मारली होती. मला एकदम रडू यायला लागलं, ते मी गिळलं. मग दुसरा विचार आला. मला चूक कळायला संध्याकाळ झाली, ठीक आहे, मी उतावळी. पण मंदाताईंना? त्यांनी तर तो कडुनिंबात जाताना नीट पाहिला होता.

खात्री करून घ्यावी म्हणून मी समोरच्या ढिगातली सगळ्यात भयंकर साडी उचलली. पोपटी अंगावर लालभडक मोर, आणि काठाला चमक्या. विचारलं, ही कशी वाटते?

मंदाताईंनी साडीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. “तुमाले शोभन,” त्या म्हणाल्या. दुकानदारसुद्धा खाली बघायला लागला.

मी साडी ठेवून दिली, डोकं दुखतंय म्हटलं आणि ऑटो केली.

तुरीच्या शेंगा

घरी पोचल्यावर मंदाताई ओट्यापाशी खाली बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सोल्यांची भाजी करायची होती. तुम्ही आराम करा, असं त्या म्हणत असताना मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले आणि शेंगा पुढ्यात ओढल्या.

मग मी विचारलं, “मंदाताई, तो वेळू होता ना?”

त्यांचे हात थांबले.

“झाडावर गेला तेव्हाच समजलं होतं मले,” त्या हळूच म्हणाल्या. “धान इतका वर कायले जाते?”

मग बोलला का नाहीत, माझ्या खोट्या पक्ष्याखाली स्वतःचं नाव का घातलंत, लोक तुमच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात ना, असं मी भडाभडा बोलत सुटले. मला राग आला की मी फार बोलते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शेंग हातात तशीच धरून त्या म्हणाल्या:

“तुम्ही पोराची आई हाय, ताई. मी तुमाले इथं चूक म्हटलं, तुम्ही हसून सोडून द्यान. पण तिकडं एखाद्या दिवशी माझ्या पोरीचं काही चुकन, अन् तुमाले माझं बोलणं आठवन. मी तिथं नाही राहत. ती राहते. माझ्या नावाचं काय, ते गेलं तं गेलं.”

मी काय तशी सासू आहे का, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते बाहेर पडेना. कारण त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की अश्विनी आमच्या घरी आल्यापासून मला एकदाही ‘नाही’ म्हणालेली नाही. पडदे कुठले, सुट्टीत जायचं कुठं, भाजीत गूळ किती, सगळ्याला हो. तिचा स्वभावच गोड म्हणून मी ते चारचौघांत मिरवत होते. माहेरून निघताना तिला काय सांगितलं गेलं असेल, हे मला तुरीच्या शेंगा सोलताना कळलं. फार वाईट वाटलं. पक्षी चुकल्याचं दुःख त्यापुढं काहीच नव्हतं.

मी त्यांना म्हटलं की ग्रुपवर आत्ताच्या आत्ता खरं लिहा. त्यांनी लिहिलं की सकाळच्या उन्हामुळे ओळख चुकली, पक्षी वेळूवटवट्या. मी फोन घेतला, त्यातलं ऊन काढून टाकलं आणि त्याजागी माझं नाव घातलं. शरदभाऊ दारात उभे राहून हे सगळं बघत होते. म्हणाले, मले आधीच वाटलं होतं, या पक्ष्यापायी घरात भांडण होणार हाय. भांडण नाही, मी म्हटलं, उद्या परत गाडी काढा.

पुन्हा तळ्यावर

माझी गाडी संध्याकाळची होती, म्हणून सकाळ आमच्या हातात होती. वाटेत एका टपरीवर तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा ओततात, डोळ्यांतून पाणी येतं आणि तरी हात थांबत नाही. त्या पाण्यातच मी मंदाताईंना अट घातली. आज मी काही चुकीचं बोलले तर तिथंच मला खोडायचं, नाहीतर मी पुन्हा पाय टाकणार नाही तुमच्याकडे. त्यांनी मान हलवली. ती हो होती की नुसतीच मान होती, मला कळलं नाही.

या वेळी बेशरमीकडे बघायचंच नाही असं ठरवलं. रामबाणाच्या रानाला लागून एक अरुंद बांध जातो, त्यावर आम्ही दोघी उकिडव्या बसलो. धुकं होतं, पाय गारठले. रामबाणाची तपकिरी कणसं वाऱ्यानं हलत होती आणि दर वेळी माझं काळीज उडत होतं. एक शिंपी पक्षी आला, गेला. एक खाटीक आला. मंदाताईंनी खांद्यावरची शाल काढून माझ्या पायांवर टाकली. मी ती अर्धी त्यांच्या पायांवर ओढली, आणि त्यांनी ती राहू दिली.

मग गवताच्या अगदी बुडाशी, पाण्याच्या वर चार बोटं, एक तपकिरी पक्षी एका काडीवरून दुसऱ्या काडीवर गेला. शेपूट वर उचललेली. मी दुर्बीण लावली. तो काड्यांच्या आड होता, पाठ तेवढी दिसत होती. कालचा मार ताजा होता. माझी हिंमतच होईना. उगाच पुन्हा फजिती नको म्हणून मी दुर्बीण खाली घेतली आणि म्हटलं, “वेळूच आहे. चला.”

मी उठायला लागले. तोच त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला पुन्हा खाली बसवलं. चांगलं ओढून बसवलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “वेळू नाही हाय. तुम्ही चुकून राहिल्या. उठू नका, भुवई पाहा.”

त्यांचा आवाज वर्गात फळ्याकडे पाठ करून बसलेल्या मुलीला लावावा तसा होता. मी मुकाट्यानं दुर्बीण लावली. पक्षी काडीवर चढून उघड्यावर आला. आखूड चोच. तांबूस पाठ, आणि ऊन अजून आलेलंच नव्हतं, त्यामुळे तो रंग त्याचा स्वतःचाच होता. आणि भुवई! पांढरी, ठसठशीत, डोळ्याच्या मागे लांब गेलेली, वर काजळाची बारीक रेघ ओढल्यासारखी. तो आमच्याकडे तोंड करून बसला, शेपूट दोनदा उडवली, चोच काडीला पुसली. इतकी वर्षं ज्याला शोधलं तो माझ्यासमोर असा निवांत बसला होता आणि मला फोटो काढायचं सुचलंच नाही. मी रडत होते. या वेळी गिळलं नाही.

पक्षी गवतात गेला तरी आम्ही कितीतरी वेळ तशाच बसून होतो. मंदाताईंनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. त्यांच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्या एकदम दचकल्या, हात काढून घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. काय बघतात ते मला समजलं. मी म्हटलं, “मंदाताई, अश्विनीला फोन लावा. तुम्हीच सांगा तिला.”

त्यांनी लावला. मोठ्या आवाजावर टाकला. अश्विनी बहुधा स्वयंपाकघरात होती, मागून कुकरची शिटी ऐकू आली.

“अश्विनी,” मंदाताई म्हणाल्या, “मी आज तुया सासूले नाही म्हटलं. तोंडावर. चुकून राहिल्या म्हटलं.”

पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग माझ्या सुनेचा अगदी लहान झालेला आवाज आला, “अवं आई… मंग?”

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाक लाल, डोळे सुजलेले, आणि अर्धी शाल चिखलात.

“मंग काय,” त्या म्हणाल्या, “मंग त्याइले पक्षी दिसला.”